पत्र्यातलं भोक

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते मलाच ठाऊक नाही.

बजाजनगरच्या पलीकडं, कंपनीच्या भिंतीला लागून आमची वस्ती. तेव्हा नळ नव्हता. टँकर आला तर आला. सार्वजनिक संडासामागं बोअर होता, पण त्याची किल्ली रखवालदाराकडं. सगळे त्याला मामा म्हणायचे. माझे हंडे तो रांगेत न ठेवता आधी भरून द्यायचा, कारण त्याच्या भाकरी मी थापायची. एवढंच — दुसरं काही नव्हतं.

बायकांच्या शेवटच्या संडासात पत्र्याला भोक होतं. मी त्यात साबणाचा तुकडा कोंबला. दुसऱ्या दिवशी तो आत पडलेला — पलीकडून कुणीतरी ढकललेला. पलीकडं काय होतं? मामाची खोली. मग मी काय केलं? पहिल्या संडासात जायला लागले. बाकीच्या बाया शेवटच्यात जात राहिल्या. मी बघत राहिले.

शेजारची निर्मला, बारावीतली पोर, एका सकाळी ओरडतच बाहेर आली. "डोळा होता तिथं! मामाचा!"

बाया जमल्या. मामा म्हणाला, "पोरगी खोटं बोलती."

निर्मलानं माझा हात धरला. "काकू, तुम्ही रोज येता इथं. तुम्हाला काहीच दिसलं नाय का?"

घरात तांब्याभरच पाणी उरलेलं — नको, ते नाही सांगत. मी म्हणाले, "मला नाय बाई काही दिसलं. तुला भास झाला असंल."

बाया पांगल्या. बदनामी केली म्हणून बापानं तिला मारलं. तिनं त्या संडासाकडं जाणं सोडलं. दिवसभर पाणीच प्यायची नाही. लघवीला आग, मग लई ताप. शेवटी तिला कन्नडला आजोळी धाडलं. कॉलेज सुटलं. आणि मामा? तिला धाडलं त्या संध्याकाळीही त्यानं माझेच हंडे आधी भरले. मी भरू दिले.

आता वस्तीत नळ आलाय. मामा कधीच गावाकडं निघून गेला. खोटं बोलायला काही कारणच उरलेलं नाही.

परवा निर्मला बसस्टँडवर भेटली. कडेवर लेकरू. वाकून पाया पडली, इकडचं तिकडचं बोलली. मग हळूच म्हणाली, "काकू, मला तवा खरंच भास झाला होता का हो?"

आणि मी — मी म्हणाले, "व्हय गं."