कळकलेल्या झांजा

पितळेवर डाग चढतात तसे आमच्या मंडळाचे किस्से चढतात. एक पुसायला घ्यावा तर खालून दुसरा निघतो. आता या झांजांचंच घ्या. झाशीत मराठी घरं मोजकी, त्यांचं एक आरती मंडळ, मंडळाची एक पेटी, पेटीत जुन्या झांजा, आणि पेटीची किल्ली माझ्या कमरेला. रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झाल्यावर एवढंच एक पद माझ्याकडे उरलंय. ते मी सुखासुखी सोडणारी नाही.

०

मागच्या पावसाळ्यात गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेले, तेव्हा किल्ली आमचे सचिव अनंतराव यांच्याकडे ठेवली. त्यांनी झांजा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर घट्ट गाठ मारली. "काकू, हवा लागू नये म्हणून." परत येऊन पिशवी सोडली तर दोरीच्या भोकाभोवती हिरवं किटण, बाकी सगळं काळं. आमच्या घरी याला कळकणं म्हणतात. पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की ताक कळकतं, ओल कोंडली की पितळ कळकतं.

मीटिंगमध्ये अनंतराव म्हणाले, "जुन्या झाल्या. मोडीत काढू, नव्या चकचकीत आणू."

"मोडीतच काढायचं तर या मंडळात सगळ्यात जुनी मी आहे," मी म्हटलं. "माझ्यापासून सुरुवात करा."

शेवटी ठरलं, गणपतीच्या पहिल्या आरतीला झांजा नीट वाजल्या तर राहतील, नाहीतर भंगारात जातील. या झांजा माझ्या सासूबाईंनी वाजवल्या, मग मी वाजवल्या. माझ्या डोळ्यांदेखत त्या जाणार नव्हत्या.

०

पहिले मदतीला धावले कुलकर्णी. नागपूरहून बदलून आलेले, रेल्वे वर्कशॉपात फिटर. "काकू, मशीनवर बफ मारतो. पाच मिनिटांचं काम."

मी कसली देते! जोडीदारीण हरवलेली एक एकटी झांज होती, तेवढी दिली. संध्याकाळी आणली तर तिच्यात माझं तोंड दिसत होतं. वाजवली तर नुसतं थप्प.

"चमक बघा ना," कुलकर्णी म्हणाले.

"आरसा आहे माझ्या घरी," मी म्हटलं. बिचारे चहा न घेताच गेले.

०

मग आले जवळच्या बबीना छावणीचे हवालदार साहेब. फौजी बँडमध्ये वर्षानुवर्षं मोठ्या झांजा वाजवून रिटायर झालेले. हातात पॉलिशचा डबा.

"माताजी, फ़ौज में जो चमके नहीं, वो सामान नहीं."

"भैया, हमारे यहाँ जो बजे नहीं, वो सामान नहीं."

त्यांनी एक जोडी उचलली, हलकेच एकमेकींवर टेकवली आणि सूर विरेपर्यंत मान खाली घालून ऐकत राहिले. मग डबा मुकाट्यानं पिशवीत टाकला. "इसको पॉलिश नहीं, परहेज़ चाहिए." परहेज म्हणजे पथ्य. झांज कडेला धरायची, पात्याला बोटं लावायची नाहीत, वाजवून झालं की मऊ फडक्यानं पुसायची, आणि सुती पिशवीतच ठेवायची. जाताजाता माझे हात घामट आहेत हेही सांगून गेले. मी ऐकून घेतलं, कारण माणूस खरं बोलत होता.

०

सगळ्यांना शिकवणाऱ्या मी काय दिवे लावले तेही ऐका. झांजा चिंचेच्या कोळात घातल्या आणि चिरगावला बारशाला गेले. लगेच परतायचं होतं, तर येताना बस बंद पडली. घरी येऊन बघते तो झांजा गुलाबी! अनंतराव नेमके दारात.

"हे काय, काकू?"

"मला असाच रंग हवा होता," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं. मग मोरीपाशी बसून खूप रडले. खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवसापासून ओल्या फडक्यावर चाळलेली राख घेऊन रोज थोडं थोडं घासत गेले. गुलाबी गेलं, हिरवंही गेलं. मग स्वच्छ पाणी, लगेच कोरडं फडकं, आणि वरून तेलाचा पुसट हात. थोडी काळसर झाक उरली, ती राहू दिली.

०

पहिल्या आरतीला झांजा अशा वाजल्या की समोरच्या घरातल्या भाभी बाहेर येऊन उभ्या राहिल्या. अनंतरावांना बोलायला जागा नव्हती, तरी बोललेच. "यंदा ठीक आहे. पण तुमच्या मागे हे घासत कोण बसणार? आमच्या पोरांना धड मराठीसुद्धा येत नाही."

ते मला फार लागलं.

तेवढ्यात त्यांचीच मुलगी सौम्या उठली. बँकेत नोकरी करते, घरीदारी हिंदीच बोलते. "मैं करूँगी, आजी." आणि मग बापाकडे वळून, एकेक शब्द जुळवत, "मला मराठी बोलता नाही येत. पण मला सगळी मराठी कळकते."

अख्खा हॉल हसला, अनंतराव सगळ्यांत मोठ्यानं. पोरगी लालबुंद झाली, पण खाली बसली नाही.

मी कमरेची किल्ली सोडली आणि तिच्या हातात ठेवली.

"हसताय काय?" मी म्हटलं. "कळकली असेल तर घासू. राख आहे माझ्याकडे."