रंगावर बसलेली वायर

मागच्या काचेत ट्रकचे दिवे मोठे होत होते आणि मला गाडीतून उतरता येत नव्हतं. मालकांचा प्लास्टरातला पाय माझ्या मांडीवर आडवा होता. माझ्या बाजूचं दार आतून उघडायचंच नाही, बाहेरून कुणी उघडलं तरच. आमचा पोरगा पुढं इंजिनात वाकलेला. वर केलेलं बोनेट काचेवर आलं होतं, म्हणून मला तोही दिसत नव्हता.

सोलापूरच्या दवाखान्यातून आम्ही तिघं जळकोटला घरी निघालो होतो. मोटार सासऱ्यांच्या वेळची. दिवस मावळला, दिवे लावले, तर उजेड विडीच्या टोकाएवढा. हॉर्न दाबला की तोही जायचा. शेवटी पुलावर गाडी बंदच पडली. तिथं कडेला घ्यायला जागा नव्हती.

"बॅटरी बदल म्हनलो होतो," मालक म्हणाले.

"आबा, बॅटरी नवीच हाय," पोरगा बोनेटाआडून बोलला. "ही बॅटरीची अर्थिंगची वायर बॉडीला बसती तिथं रंग हाय. लोखंडाला टेकतच न्हाय, मग करंट कसा येनार? इथं कुणी रंग मारला?"

दसऱ्याला गाडी पुजायची म्हणून मालकांनीच ब्रश घेऊन ती आतबाहेर रंगवली होती. बोल्ट काढून त्याच्या खालीसुद्धा.

"काचा तेवढ्या सोडल्या ह्यांनी," मी म्हणाले.

"तू गप." मग पोराला म्हणाले, "लई खरवडू नको, डाग दिसंल."

मी त्यांचा पाय सरकवून पाहिला, तर ते कळवळले. मग काच खाली घेतली, ती निम्मीच उतरली. बाहेरच्या कडीपर्यंत हात पोचेना, म्हणून मालकांचा टॉवेल बाहेर काढून हलवायला लागले. ट्रकचा वेग काही कमी होईना.

"बाजूला हो रे," मी पोराला ओरडले.

"थांब आई, बोल्ट आवळतोय."

तेवढ्यात मागचा रस्ता लाल झाला. आमचे मागचे दिवे लागले होते. ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक मारला आणि गाडी बाजूनं काढली. त्याच्या वाऱ्यानं आमची मोटार हलली. माझ्या हातातला टॉवेल उडून गेला.

पोरानं बोनेट आपटलं तेव्हा मला त्याचं तोंड दिसलं.

तिघंही जगलो. मालक नंतर आजारपणानं गेले. आता मी आहे आणि पोरगा आहे.