गिदोन उजागरे राहायला गाव शोधतो

भिंगारला लष्कराच्या स्टोअरमध्ये आम्ही तीस वर्षं शेजारी बसलो. गिदोन उजागरे स्टोअरकीपर, मी कारकून. आलेलं खोकं उघडून आतला प्रत्येक नटबोल्ट हाताने मोजल्याशिवाय त्याने कधी सही केली नाही. साहेब बदलून जायचे, खोकी तशीच पडून असायची. या सवयीचं सगळ्यांना कौतुक होतं. मला नव्हतं, कारण खोकी माझ्या टेबलाशी असायची.

गेल्या मे महिन्यात तो निवृत्त झाला. क्वार्टर सोडायला सहा महिन्यांची मुदत मिळाली. त्याच सुमारास स्टेलावहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली वर्षभर टिकली तरी खूप, असं डॉक्टरांनी सांगितलं. वहिनी घरी आल्या, भाजी फोडणीला टाकली आणि म्हणाल्या, "जिथं जायचं तिथं लवकर चला. दिसतंय तवर रस्ते पाठ करून घेते."

मूलबाळ नाही. भिंगारला रक्ताचं कोणी नाही. जायचं ते उत्तरेलाच. आमच्या जिल्ह्यात उत्तर म्हणजे पाटपाण्याचा, उसाचा मुलूख. त्याचं नाव काढलं की आम्ही इकडचे लोक थोडं नाक मुरडतो. गिदोनचा धाकटा भाऊ जोशुआ संगमनेरला, वहिनींची थोरली बहीण रेबेका श्रीरामपूरला. दोघांनीही आपापल्या शेजारी भाड्याचं घर बघून ठेवलं होतं. दोनातून एक निवडायचं, दुपारभराचं काम. गिदोनने त्यासाठी दोनशे पानी वही आणली.

जूनमध्ये आठ दिवस तो संगमनेरला राहून आला. जुलैत आठ दिवस श्रीरामपूर. ऑगस्टमध्ये पुन्हा संगमनेर, कारण पहिल्या खेपेला पाऊस झाला नव्हता आणि डासांची तुलना बरोबर होत नव्हती. संगमनेरला रेल्वे नाही म्हणून दोन गुण कापले. श्रीरामपूरला रेल्वे आहे, पण स्टेशनचं नाव बेलापूर. म्हणून श्रीरामपूरचाही एक गुण गेला. खोक्यावर एक नाव आणि आत दुसरा माल, हे त्याच्या स्टोअरमध्ये कधी चाललं नव्हतं.

सप्टेंबरात मी त्यांच्याकडे गेलो. वहिनींनी चहा ओतला तो रिकाम्या बशीत. कप शेजारी होता. गिदोनने फडक्याने टेबल पुसलं आणि मला म्हणाला, "दोन्हीकडं सारखेच गुन हायेत. एकसष्ट, एकसष्ट. अजून एक फेरी मारावी लागंल."

माझं डोकं फिरलं. "लेका, तू खोकं मोजत बसलायस आणि आतला माल चाललाय!" मी ओरडलो. वहिनीच म्हणाल्या, "आता तपासनी मी करते. भावजी, तुमी चला साक्षीला."

त्यांची तपासणी साधी होती. डोळ्यांवर मफलर बांधायचा आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून एकटीने मिठाचा पुडा आणायचा.

संगमनेरला जोशुआने त्यांचा उजवा हात धरला, त्याच्या बायकोने डावा. पुतण्या पुढे पळत जाऊन गल्लीतल्या मोटरसायकली बाजूला घेत होता. मीठ त्यानेच आणलं. इतकी मायाळू माणसं मी पाहिलेली नाहीत. वहिनींनी सगळ्यांना जवळ घेतलं आणि परतीच्या एसटीत मफलरची घडी घालत, उलगडत बसल्या.

श्रीरामपूरला रेबेका उंबऱ्यावर मेथी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "जा. गटार डाव्या हाताला हाय. पडलीस तर हाक मार."

गिदोन उठला. "गिदोनराव, बसा खाली," रेबेका म्हणाली. तो बसला. साहेबांच्या सांगण्यावरूनसुद्धा तो इतक्या पटकन बसलेला मला आठवत नाही.

वहिनी तीस-चाळीस पावलं गेल्या आणि उभ्या हातगाडीवर आदळून पडल्या. हाक काही मारली नाही. उठल्या, कुणाला तरी विचारलं, भिंत चाचपत पुढे गेल्या. पंचवीस मिनिटांनी मीठ घेऊन आल्या. गुडघ्याशी लुगडं रक्ताने भिजलं होतं.

गिदोन वही उघडून गुण कापायला लागला.

"ऱ्हाऊ द्या," वहिनी म्हणाल्या. "इथंच ऱ्हायचं."

"अगं, पडलीस तू!"

"पडले. इथं मला पडू देत्यात."

मी मेथीच्या जुडीकडे बघत राहिलो. माझे डोळे भरून आले होते आणि ते त्या दोघी बहिणींना दाखवायचे नव्हते.

नोव्हेंबरात सामान गेलं. जानेवारीत मी गेलो, तोवर वहिनींना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. त्या दिवशी रविवार होता आणि त्या चर्चला गेल्या होत्या, एकट्या. गिदोन ओट्यावर माझ्याशेजारी बसला होता, डोळे रस्त्यावर.

"मागं जात न्हाईस?" मी विचारलं.

"पयले आठ दिवस गेल्तो. तिनं चपलेचा आवाज वळखला. म्हनली, तुमी मागं आलात की मला तुमचीच काळजी लागून ऱ्हाती."

तेवढ्यात वहिनी आल्या. शेजारच्या कुंपणावरून हात फिरवत नेमक्या आपल्या फाटकापाशी थांबल्या. कडी उजवीकडे होती, त्या डावीकडे शोधू लागल्या. वर चाचपलं, खाली चाचपलं, पुन्हा वर. आमच्यापासून पाच पावलांवर. मला राहवेना, मी उठलो.

गिदोनने माझं मनगट धरलं. एवढ्या जोरात की बोटांचे वळ दुसऱ्या दिवशीही होते. तो उठला नाही आणि मलाही उठू दिलं नाही. आम्ही दोघं श्वास रोखून बसलो, कडी वाजेपर्यंत.