किल्ली दौंडला, घर शिरूरला

शिरूरहून दौंड फार लांब नाही, तरी हा प्रवास मी महिनाभर पुढे ढकलत होते. जर्मनीला मुलाकडे कायमचं जायला आठवडा उरला, तेव्हा एका सकाळी नाइलाजाने चौफुल्याच्या एसटीत बसले. पर्समध्ये घराची किल्ली होती. ती दौंडला माझ्या थोरल्या नणंदेच्या हाती द्यायची आणि आमच्या घरात राहायला या म्हणायचं, एवढंच काम. आक्का विधवा, रेल्वेच्या दवाखान्यातून निवृत्त, स्टेशनामागे भाड्याच्या खोलीत एकट्या. त्या नाही म्हणाल्या तर घर विकायचं, असं आमचं ठरलं होतं. खरं तर हे काम त्यांच्या सख्ख्या भावाचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. पण त्यांना नेमकी त्याच दिवशी पुण्याला जाऊन गरम कपडे घेण्याची निकड भासली.

मी भावुक बाई नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. माझ्या निरोप समारंभाला प्रमुख पाहुणे उशिरा आले, स्वतःबद्दल बोलले आणि माझ्यासाठी आणलेली शाल चुकून स्वतःच घेऊन गेले. तेव्हाही माझे डोळे कोरडे होते. पण एसटी वळली आणि आमच्या कॉलनीची पाण्याची टाकी दिसली. टाकी कुरूप आहे, गळते, शिवाय तिच्यावर निवडणुकीतल्या एका इच्छुकाचा अर्धाच रंगवलेला चेहरा आहे. तिला पाहून मला रडू आलं, याचा मला फार राग आला.

शेजारच्या बाईंनी विचारलं, "माहेराहून निघालाव व्हय?"

"नाही, नणंदेकडे चालले आहे."

"मंग रडू येणारच," त्या म्हणाल्या आणि निम्मा पेरू दिला.

न्हावऱ्यापर्यंत आमची गाडी उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे रांगत होती. ट्रॅक्टरवाल्याने लावलेलं गाणं आम्हाला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू आलं, आणि मग पुन्हा पहिल्यापासून.

न्हावऱ्यात माझी मावसबहीण कमल राहते. तिला न भेटता परदेशी जाणं हा गुन्हा, म्हणून उतरले. तिने मासवडी केली होती (नावात मास असलं तरी बेसनाची, आत तीळखोबऱ्याचं सारण). मी जेवत असताना चौकशी सुरू झाली.

"तिकडं सकाळच्याला पाव खात्यात म्हणं?"

"हो."

"आन् दुपारी?"

"पावच."

"आन् मग जेवतात कवा?"

याचं उत्तर मुलालाच विचारावं लागेल.

निघताना तिने ओटी भरली: पदरात तांदूळ, नारळ आणि वर ब्लाउजपीस. इथे एक खुलासा करायला हवा. ओटीतला ब्लाउजपीस शिवायचा नसतो. तो आला की कपाटात ठेवायचा आणि पुढच्या बाईची ओटी भरताना द्यायचा. असा तो वर्षानुवर्षं फिरतो आणि त्याला कात्री लागत नाही. मी हा जांभळा तुकडा उलटून पाहिला. कोपऱ्यात निळ्या शाईचा डाग. माझ्या ग्रंथालयातल्या पेनाचा.

"कमल, हा मी आमच्या वास्तुशांतीला वाटला होता."

"काय सांगतीस! मला तर विहीणबाईंनी दिला." कमल लाजली वगैरे नाही. "म्हंजी फिरून घरी आला म्हणायचा. कापड चांगलं हाय गं, टिकलंय बघ."

पुढच्या एसटीत मी तो मांडीवर घेऊन बसले. घराइतकंच वय त्याचं, आणि हिंडला माझ्यापेक्षा जास्त. भीमेच्या पुलावर गाडीने गचका खाल्ला, तसा माझा नारळ निसटला आणि सीटांखालून गडगडत थेट ड्रायव्हरपर्यंत गेला. कंडक्टरने तो उचलून धरला.

"कुणाचा ह्यो? पुढं येऊन बसलाय, तिकीट काढा त्याचं!"

गाडीभर हसू पसरलं. गुऱ्हाळांचा गोड, करपट वास खिडकीतून येत होता. चौफुल्याला गाडी बदलली आणि दुपारी दौंडला पोचले.

आक्कांच्या खोलीत बोलण्याची एक पद्धत आहे. गाडी आली की थांबायचं, गेली की त्याच शब्दापासून पुढे. मी माझं म्हणणं दोन मालगाड्या आणि एका एक्स्प्रेसमधून पार पाडलं. आक्कांनी ऐकून घेतलं.

"न्हाई. तुमच्या घराची राखण कराया मी काय कुत्रं हाय?"

"राखण नाही आक्का, राहायला या."

"शिरूरात रेल्वे न्हाई. मला झोप कशी लागायची?"

किल्ली पर्समध्येच राहिली. चहा झाला. निघायला उठले आणि हाताला तो जांभळा तुकडा लागला. नवरा गेल्यापासून आक्कांची ओटी कुणी भरली नव्हती. हळदीकुंकवाच्या वेळी त्या आपणहून मागच्या दाराने निघून जात, आणि आम्ही जाऊ देत असू.

"आक्का, पदर पसरा."

"येडी का खुळी? मला भरत्यात व्हय वटी?"

"मी भरते."

"तुझा तर कशावरच इस्वास न्हाई."

"म्हणून तर मला चालतं."

तेवढ्यात गाडी आली. लांबलचक मालगाडी होती. ती गेली तेव्हा आक्कांचा पदर पुढे आलेला होता. मी तांदूळ घातले, नारळ ठेवला, वर ब्लाउजपीस आणि त्यावर किल्ली.

"ओटीतलं परत करत नाहीत ना, आक्का?"

"लबाड हायस," आक्का म्हणाल्या. हो म्हणाल्या नाहीत. नारळ कानाशी धरून पाणी आहे का पाहिलं आणि आत गेल्या.

संध्याकाळी शिरूरला घराच्या फाटकाशी आले, तर नवरा पायरीवर बसलेला, डोक्यात नवी लोकरी टोपी. तेव्हा मला कळलं की मी घराबाहेर आहे.

"तुमची किल्ली कुठंय?" मी विचारलं.

"जपून ठेवलीय."

"कुठं?"

"कपाटात."

आम्ही दोघांनी बंद दाराकडे पाहिलं. आक्कांना फोन लावला. "किल्ली," एवढं बोलले आणि पलीकडे गाडी आली. रात्र शेजाऱ्यांकडे काढली. त्यांच्या खिडकीतून आमचं घर पूर्ण दिसतं. ते एवढं बुटकं आहे, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. मला वाटलं, आता सकाळी कुलूपवाल्याला बोलवायचं आणि दुपारी घर घेणाऱ्याला.

सकाळी फाटकाशी रिक्षा थांबली. आक्का उतरल्या, मागोमाग दोन पिशव्या आणि पत्र्याची ट्रंक.

"त्यो जांभळा पीस दिलाय टेलरकडं टाकून," त्या आल्या आल्या म्हणाल्या. "किती दिस फिरवायचा त्याला?"

मग त्यांनी कुलूप काढलं आणि आधी स्वतः आत गेल्या. आम्ही मागून निघालो, तशा उंबऱ्यात वळल्या. "चपला भायेर!"

आम्ही चपला काढल्या. आक्कांनी माझ्याच स्वयंपाकघरातून माझ्याच तांब्यात पाणी आणलं, आणि त्या घरात पहिल्यांदाच मला कुणीतरी म्हणालं, "बस."

मी बसले.

"मंग," पाहुण्यांना विचारतात तसं त्यांनी विचारलं, "किती दिस हायसा?"

"आठवडाभर," मी म्हणाले.

"ऱ्हावा की," आक्का म्हणाल्या. "घाई काय हाय?"