नांदेडची बातमी आणि आमचा ब्राउजर

सकाळपासून मी दिल्लीतल्या मयूर विहारच्या एका सायबर कॅफेत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. मांडीवर वही, समोर सहा कॉम्प्युटर. प्रत्येक स्क्रीनवर दोन आयकॉन शेजारी शेजारी. एक मशीनबरोबरच आलेल्या ब्राउजरचा, दुसरा आमचा. दुपारपर्यंत बरेच जण येऊन गेले. आमच्या आयकॉनवर एकानेही क्लिक केलं नाही.

ब्राउजर म्हणजे इंटरनेटवरची पानं उघडून दाखवणारा प्रोग्रॅम. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि नोएडातल्या आमच्या छोट्या कंपनीने चक्क स्वतःचा ब्राउजर बनवला होता. नाव ‘झरोका’. आम्ही स्टॉपवॉच लावून मोजायचो आणि दर वेळी झरोकाच पान आधी उघडायचा. टीममध्ये चौघंच, पण आम्ही हवेत होतो. बाहेर मात्र त्याला कुणी हात लावत नव्हतं. आमचे बॉस मल्होत्रा सर यांनी सरळ सांगून टाकलं होतं, की दिवाळीपर्यंत लोक झरोका वापरताना दिसले नाहीत तर टीम बंद आणि आम्ही सगळे पेरोल, म्हणजे पगाराचा हिशेब करणाऱ्या, सॉफ्टवेअरवर.

निघण्यापूर्वी मी एका कॉलेजच्या मुलाला विचारलं, की हा दुसरा का नाही उघडून पाहिलास. तो गोंधळला. म्हणाला, ‘‘मॅडम, इंटरनेट तो इसमें है ना.’’

त्याच्या लेखी तो पहिला आयकॉन म्हणजेच इंटरनेट होतं. त्यात निवडण्यासारखं काही असतं, हेच त्याला ठाऊक नव्हतं.

ऑफिसात येऊन मी हे सांगितलं तर सर म्हणाले, स्पीड अजून वाढवा. आमचा सिनियर संजीव तर लगेच कीबोर्डकडे वळला.

‘‘सर,’’ मी म्हटलं, ‘‘जो ब्राउजर कुणी उघडतच नाही, त्याचा स्पीड कळणार कुणाला?’’

सरांनी संजीवला हातानेच थांबवलं. मग म्हणाले, अच्छा, अजून एक आठवडा जाऊन बस कॅफेत.

तिसऱ्या दिवशी तिथे गायकवाडकाका भेटले. मूळचे नांदेडचे, केंद्र सरकारच्या नोकरीतून रिटायर झालेले, समोरच्याच सोसायटीत राहणारे. त्यांना मराठी पेपर वाचायचा होता. पुतण्याने साइटचा पत्ता लिहून पाठवलेला कागद हातात घेऊन ते तासभर झगडत होते. कॅफे चालवणाऱ्या चड्ढा आंटी मला हळूच म्हणाल्या, की गेल्या आठवड्यातही चार दिवस हेच चाललं होतं. मी जवळ जाऊन मराठीत विचारलं, मी बघू का?

‘‘मराठी आहेस होय? मग हे काय लिहिलंय ते वाच बरं बाई.’’

स्क्रीनवर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची नुसती खिचडी होती. त्या काळी प्रत्येक पेपरची साइट स्वतःचा वेगळा फॉन्ट, म्हणजे अक्षरांचा साचा, वापरायची. तो आधी उतरवून मशीनमध्ये टाकावा लागे, नाहीतर असाच गोंधळ दिसे. मी तो उतरवायला घेतला. फोनची लाइन दोनदा तुटली, पाऊण तास गेला, आणि मग एकदम मराठी बातमी उमटली. गोदावरीचं पाणी घाटाच्या पायऱ्यांवर आलं होतं. काकांचा भाऊ घाटाजवळच राहायचा. त्यांनी ती बातमी दोनदा वाचली आणि तडक फोन करायला बूथवर गेले. भाऊ सुखरूप होता.

दुसऱ्या दिवशी त्यांना वेगळं मशीन मिळालं. पुन्हा खिचडी.

‘‘काल वाचता येत होतं,’’ काका म्हणाले, ‘‘आज अडाणी झालो काय मी?’’

मला ते ऐकून वाईट वाटायला हवं होतं. पण मी वही बंद केली आणि जवळजवळ पळतच नोएडाची बस पकडली. सगळे फॉन्ट झरोकाबरोबरच द्यायचे. एकदा झरोका टाकला की मराठी, हिंदी, पंजाबी, बंगाली पेपर आपोआप दिसले पाहिजेत.

संजीवला ते पटलं नाही. हे इंजिनिअरिंग नाही, टिफिन पॅक करणं आहे, म्हणाला. पण सरांनी होकार दिला. आम्ही पेपरवाल्यांना पत्रं लिहून परवानग्या मिळवल्या. दोन आठवडे आम्ही चौघं झपाटल्यासारखे काम करत होतो. टिफिनवाला संजीव सगळ्यांत जास्त.

नवा झरोका सहाही मशीनवर टाकला त्या दिवशी मी काकांना मुद्दाम कुठेही बसा म्हटलं. त्यांनी मी दाखवलेल्या आमच्या आयकॉनवर क्लिक केलं आणि नांदेडचं पान मराठीत उघडलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि बातमी मोठ्याने वाचायला लागले. शेजारचे एक बिहारचे गृहस्थ उठून मागे आले. हिंदी पण दिसेल का, विचारू लागले. दिसलं. मग चड्ढा आंटी स्वतः उठल्या, त्यांना पंजाबी बघायचं होतं. संध्याकाळपर्यंत लोक एकमेकांना आमचा आयकॉन बोटाने दाखवत होते. मी वहीत रेघा मारून क्लिक मोजत होते, पान भरून गेलं.

पुढे आजूबाजूच्या कॅफेवाल्यांचे फोन यायला लागले. नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारातला एक असेंबलर, म्हणजे सुटे भाग जोडून कॉम्प्युटर विकणारा, प्रत्येक नव्या मशीनमध्ये झरोका घालून द्यायला तयार झाला. दिवाळी आली आणि गेली. पेरोलचं नाव कुणी काढलं नाही.

मग एक दिवस संजीव पडलेल्या चेहऱ्याने माझ्या टेबलाशी आला. आम्ही फॉन्ट मशीनमध्येच टाकत होतो. त्यामुळे झरोका असलेल्या मशीनवर आता मशीनबरोबर आलेल्या ब्राउजरमध्येही मराठी, हिंदी व्यवस्थित दिसत होतं. लोकांना हे कळलं की संपलं, असं वाटून आम्ही महिनाभर धास्तावून होतो.

कुणालाच कळलं नाही. शेवटी न राहवून मीच काकांना त्या मशीनबरोबरच्या ब्राउजरमध्ये पेपर उघडून दाखवला. त्यांनी ‘‘बरं, बरं’’ म्हटलं, तो बंद केला आणि झरोका उघडला.

अडलेलं काम पहिल्यांदा ज्याच्यात आपलं आपल्याला करता येतं, माणूस त्यालाच धरून राहतो. आमचे स्टॉपवॉचचे आकडे शेवटपर्यंत बरोबर होते. फक्त ते आम्हाला कधी कुणी विचारले नाहीत.