सोमवारचा नंबर

आमच्या कॉलेजच्या ऑफिसात दर सोमवारी सकाळी एकच पंचाईत असायची. कॉम्प्युटर चालू व्हायचा, पडदा उजळायचा, आणि पत्र टाइप करायला बसलं की ते सॉफ्टवेअर विचारायचं, साइन इन करा. शनिवारी दुपारपर्यंत त्याच खुर्चीत बसून मी पोरांचे दाखले छापलेले असायचे. एका रविवारात याला आपला विसर कसा पडतो, याचा मला फार राग यायचा. पासवर्ड टाकला की पुढची पाटी: नोंदवलेल्या मोबाईलवर नंबर पाठवला आहे, तो इथे टाका.

तो मोबाईल माझा नव्हता, प्राचार्यांचा नव्हता, कॉलेजचाही नव्हता. तो आमच्या भाऊंचा होता. भाऊ म्हणजे आमचे हेडक्लार्क. नांदुऱ्याहून रोज एसटीने घाट चढून बुलढाण्याला यायचे आणि माझ्या समोरच्या टेबलावर बसायचे. त्यांना जाऊन आता दोन दिवाळ्या झाल्या.

आमच्याकडे एक रीत आहे. कुठलाही फॉर्म भरताना मोबाईल नंबराचा रकाना आला की माणसं आपला नंबर सांगत नाहीत, ज्याला त्यातलं कळतं त्याचा सांगतात. आपला फोन कधी पोराकडे, कधी बंद, कधी रिचार्ज संपलेला. त्यापेक्षा शहाण्या माणसाचा दिलेला बरा. भाऊंच्या गल्लीतलं निम्मं गॅस बुकिंग भाऊंच्या नंबरावर होतं, पोरींच्या शिष्यवृत्त्या त्यांच्या नंबरावर, शेजारच्या चाचींच्या रेशनकार्डालाही तोच. तेव्हा ऑफिसचं खातं उघडताना "नंबर कोणाचा टाकू?" असं मी विचारलं, तर सगळं ऑफिस एका सुरात म्हणालं, "भाऊंचाच टाका." भाऊ डब्यातली कळण्याची भाकर मोडत म्हणाले, "टाका बाप्पा. एवीतेवी मी गावचा हरकाम्या आहोच." मग स्वतःच हसले.

भाऊ गेले आणि नंबर वहिनींकडे राहिला. नांदुऱ्याच्या घरी खिडकीजवळच्या फळीवर तो मोबाईल चार्जिंगला लावलेला असतो. मुलगा पुण्याला नोकरीला आहे. तो म्हणतो, आई, तुझ्याकडे तुझा फोन आहे, हे सिम काऊन चालू ठेवतेस? वहिनी म्हणतात, "हापिसचं काम अडते ना बाबू." त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा पुढे एक वाक्य जोडलं होतं. "ताई, तुमचा फोन आला की मले वाटते, ते हापिसातच हायेत अन् तुमच्या मोबाईलवरून बोलून राह्यले." त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी उगाच टेबलाचे खण आवरत बसले.

सोमवारचा आमचा संवाद ठरलेला.

"जयभीम वहिनी. नंबर आला काय?"

"जयभीम ताई. थांबा, चष्मा घेतो... हाव, आला. लिवा."

वहिनी आकडे एकेक करून कधी सांगत नाहीत. जोडीजोडीने सांगतात, त्यातही अडुसष्ट, एकोणऐंशी असले अडचणीचे नेमके त्यांच्याच वाट्याला येतात. माझी बोटं गोंधळतात, तोवर मुदत संपते, मग परत नवा नंबर. यातच गप्पा होतात. नांदुऱ्यात पाणी किती दिवसांनी आलं, मुलाचं लग्न जमतंय का, गुडघा काय म्हणतो. बोलता बोलता वहिनी भाऊंची एखादी गोष्ट सांगतात आणि मी ऑफिसातली एखादी सांगते. भाऊ साहेबांवर चिडले की फाईल कशी जोरात न आपटता फार हळू ठेवायचे, हे वहिनींना माझ्याकडूनच कळलं. त्या खूप हसल्या. म्हणाल्या, "घरी ताट बी असंच ठेवत. मले वाटे, भाजी आवडली."

प्राचार्य वर्षभर माझ्यामागे लागले होते. मॅडम, तो नंबर बदलून टाका, तुमचा घाला, दर सोमवारची कटकट नको. मी म्हणायचे, प्रवेशाची गर्दी ओसरू द्या. मग म्हणायचे, परीक्षा होऊ द्या. सेटिंगमध्ये जाऊन नंबर बदलणं माझ्या डाव्या हाताचं काम होतं. पण ज्याच्या नंबरावर इतकी वर्षं ऑफिस चाललं, त्याला असं खोडून टाकायचं? गरज सरो नि वैद्य मरो, हे माझ्याच्याने झालं नाही. मला भाऊंची आठवण येते, हे मी उघडच सांगते. चांगला माणूस समोरच्या टेबलावर बसलेला असणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे ते टेबल रिकामं झाल्यावर कळतं. आता त्यावर प्रिंटर ठेवला आहे.

सोमवारी अजून एक गंमत व्हायची. आमचा शिपाई शनिवारी जाताना मेन स्विच पाडून जातो. एकदा वीज पडून पंखे जळाले, तेव्हापासूनचा त्याचा हा नेम. मग सोमवारी कॉम्प्युटर आपली तारीखच विसरलेला असायचा. तो जुनं वर्ष दाखवायचा, कॉलेजात नवा आला त्या सुमाराचं. तारीख दुरुस्त केल्याशिवाय इंटरनेटवरचं काही उघडत नसे, म्हणून आधी ती बदलावी लागे. पण मी लगेच बदलत नसे. ते वर्ष मला ठाऊक होतं. त्या वर्षी माझे केस काळे होते, आणि समोरून आवाज यायचा, "बाई, चहा सांगू का?" मी जरा वेळ तशीच बसायचे. मग तारीख बदलायचे आणि नांदुऱ्याला फोन लावायचे.

गेल्या महिन्यात प्रिंटर अडकला म्हणून स्टँडजवळच्या दुकानातून दुरुस्तीवाले आले. बडबडे गृहस्थ. प्रिंटर झाला, आणि प्राचार्यांनी आमच्या सोमवारचं गाऱ्हाणं त्यांच्या कानावर घातलं. त्यांनी कॉम्प्युटरचा डबा उघडला आणि हसायलाच लागले. "मॅडम, इसका सेल गया है. लाइट गेली की घड्याळ मागं जाते, तारीख बिघडली की याचा साइन इनचा भरोसा उडते. येवढंच तर हाय." मी राहू द्या म्हणेपर्यंत त्यांनी खिशातल्या डबीतून रुपयाएवढा सेल काढून बसवलाही. प्राचार्य म्हणाले, "चला, मॅडमची कटकट मिटली." मी चहा मागवला, पण मला तो गोड लागला नाही.

पुढच्या सोमवारी मी लवकर गेले. स्विच वर केला. कॉम्प्युटर चालू झाला. तारीख बरोबर होती, वर्षही बरोबर होतं. सॉफ्टवेअर उघडलं आणि त्याने काहीच विचारलं नाही. शनिवारचं अर्धं राहिलेलं पत्र समोर आलं. असं व्हावं म्हणून मी किती सोमवार त्याला शिव्या दिल्या होत्या. आता मी बघत बसले, की निदान एकदा तरी विचारेल.

फोनाची वेळ टळून गेली. वहिनी खिडकीपाशी बसल्या असतील, हे मला दिसत होतं. सांगायला तर हवंच होतं. वहिनी, बिघाड सापडला, आता तुम्हाला त्रास नाही. मी वाक्य मनात दोनदा म्हणून पाहिलं. ते फार नीटनेटकं होतं. मग वहिनी मुलाला काय सांगणार, आणि मुलगा त्या सिमचं काय करणार, हे न कळण्याइतकी मी दुधखुळी नाही. तरी ठरवलं, सांगायचं, आणि फोन लावला.

"जयभीम ताई," त्यांनीच आधी म्हटलं. "मले वाटलं, आज इसरल्या."

"नाही हो वहिनी," मी म्हणाले, आणि पुढचं वाक्य तोंडात आलंच नाही. त्याऐवजी म्हणाले, "नंबर आला काय?"

कॉम्प्युटर माझ्यासमोर उघडाच होता. मी कुठलंही बटण दाबलं नव्हतं. नंबर कुठूनही येणं शक्य नव्हतं. आता त्या म्हणतील, नाही आला, आणि मला खरं सांगावंच लागेल.

 पलीकडे फळीवरून मोबाईल उचलल्याचा आवाज आला.

"हाव, आला ना," वहिनी म्हणाल्या. "लिवा."

आणि त्यांनी सांगितला. जोडीजोडीने, सावकाश, पूर्ण. मी पेन घेतलं आणि लिहून घेतला.

"उघडलं काय?"

"उघडलं वहिनी."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "पुढच्या सोमवारी बी मी मोबाईल जवळच घेऊन बसीन."