जास्तीचा गॅस

सुमनताई आणि मी एकाच शाळेत शिकवायचो. निवृत्त झाल्यावर ती खाडीकाठच्या आपल्या गावी गेली. परवा दुपारी तिला भेटायला गेले, तर ती परसात चुलीशी बसून ओलं लाकूड फुंकत होती. सिलिंडर संपून आठ दिवस झाले होते. धुराने तिला खोकला आवरत नव्हता. आणि कुंपणापलीकडे, गॅस प्रकल्पाच्या उंच चिमणीच्या तोंडाशी भर उन्हात भलीमोठी ज्वाळा फडफडत होती.

"अगं, एवढा गॅस नुसताच जळतोय?" मी विचारलं.

"जास्तीचा आहे म्हणतात. साठवून ठेवायला परवडत नाही."

"तुम्ही कोणी बोलला नाहीत?"

"आंब्यांना मोहर येईना तेव्हा अर्ज दिला. पोरांना दमा धरला तेव्हा पुन्हा दिला. साहेब येऊन बघून गेले." तिने चुलीत पुन्हा फुंकर मारली. "वर्गात मी शिकवायचे, हा वायू तयार व्हायला लाखो वर्षं लागतात. मुलं डोळे मोठे करून ऐकायची."

लाखो वर्षं जमिनीने जपलेलं काही आमच्यासमोर क्षणाक्षणाला संपत होतं, आणि जाळणाऱ्यांना ते नकोच होतं. चहा उकळल्यावर सुमनताईने पाट भिंतीकडे तोंड करून मांडले. त्या ज्वाळेकडे पाठ करून आम्ही दोघी चहा प्यायलो.